दोन लिही

हुआंग-ची नावाच्या त्या चिनी मुळीचा वास तसा वाईट नाही. ज्येष्ठमध मातीसकट उकळावा, तसा. सुवर्णा केळुसकरला मात्र तो आला की पाठीमागे कुणीतरी बसलंय असं वाटतं, आणि वळून बघायची छाती होत नाही.

सुवर्णा परदेशात, श्रूजबरीत राहते, जवळच्याच एका संशोधन केंद्रात काम करते. कॅन्सरच्या उपचारांनंतर अंगात मुरून बसलेला थकवा या मुळीनं जातो का, हे तिथे तपासत होते. तिनं पेशंटना पुड्या द्यायच्या आणि दर भेटीत विचारायचं, थकवा शून्य ते दहात किती? कुणाच्या पुडीत खरी मुळी आणि कुणाच्या पुडीत त्याच वासाची नुसतीच भुकटी, हे तिलाही ठाऊक नसायचं.

तिच्या पेशंटपैकी पद्मिनीकाकूंचं इंग्रजी बेताचं. संमतीच्या कागदावरचं ऐकून त्या बावरल्या, तेव्हा सुवर्णानं सोपं करून सांगितलं, "काकू, आमची परीक्षा आहे हो ही. तुम्ही फक्त आकडा सांगायचा." चाचणी हा शब्द तिला फार सरकारी वाटला होता. माणूस मायेपोटी बोलून जातो आणि बोललेलं कुठे जाऊन रुजतं, याचा पत्ता नसतो.

पहिल्या भेटीत काकू म्हणाल्या, आठ. मग आकडा उतरतच गेला. "दोन लिही गं, अगदी बरं आहे," म्हणायच्या आणि चिवड्याचा डबा हातात ठेवायच्या. एकदा सुवर्णानं विचारलं, "काकू, पाय सुजलेत का?" त्या हसल्या. "छे, मोजे घट्ट आहेत." सुवर्णानं मानलं. तिला मानायचंच होतं. औषध लागू पडतंय या आनंदात ती होती.

एका दुपारी काकू सोफ्यावर बसल्या बसल्या गेल्या. केमोनं हृदय आतून थकवलं होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग नियमाप्रमाणे त्यांच्या पुड्यांचा उलगडा झाला. त्यात मुळी नव्हतीच, नुसतीच भुकटी. मग आठाचे दोन झाले कसे? हा प्रश्न सुवर्णाला जेवू देईना. ती काकूंच्या यजमानांना, मोरेश्वरकाकांना भेटायला गेली.

काकांनी स्वतः चहा केला. साखर दोनदा घातली.

"गाडीत बसली की मान टाकायची बघ," ते सांगू लागले. "जिना चढवेना, म्हणून या सोफ्यावरच झोपायची. मी म्हणायचो, अगं, सांग ना त्या मुलीला. तर मलाच दटावायची. गप्प बसा, म्हणे, पोरीची एक्झाम चालू आहे. माझ्यापायी तिचे मार्क जायला नकोत."

सुवर्णाला आठवलं, आमची परीक्षा आहे हो ही. आपलाच शब्द. काकूंनी तो जिवावर उदार होऊन पाळला होता.

काकांनी कप पुढे सरकवला. "मग? झालीस ना पास?"

खरं सांगितलं तर या माणसाच्या हाती उरणार काय? तिला रडू फुटत होतं, ते तिनं गोड चहाबरोबर गिळलं.

"हो काका. झाले."

काकांचा चेहरा उजळला. तिच्या पाठीमागच्या सोफ्याकडे बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस का? पोरगी पास झाली."

सुवर्णा मागे वळली नाही.