गल्लीच्या क्रमानं

परवा नागपूरच्या सदर बाजारात कुलपाच्या दुकानात नव्या चाव्यांचा जुडगा हातात घेतला आणि पितळेच्या त्या वासानं मला थेट मराठवाड्यात नेलं.

भूकंपानंतर नागपूरहून मी तिकडे ओव्हरसिअर म्हणून गेलो होतो. नवं गाव बांधून झालं, साहेबांनी चिठ्ठ्या काढून घरं ठरवली आणि चाव्या मी वाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर साऱ्या बाया रस्त्यावर उन्हात ओळीनं बसलेल्या. पडलेल्या गावात जिच्या शेजारी जिचं घर होतं, अगदी त्याच क्रमानं. प्रत्येकीची चावी पुढ्यात मातीवर.

"चिठ्ठीत निघालं तेच घर मिळेल," साहेब म्हणाले.

पहिली म्हातारी बसल्या जागेवरूनच बोलली, "मातीखालून मला हिनं उकरून काढलं, साहेब. चिठ्ठीनं न्हाई." तिनं शेजारणीचा हात वर धरला. त्याच्या दोन बोटांना नखं नव्हती.

साहेब जीपकडे वळले. मी तिथंच उकिडवा बसलो आणि बाया बसल्या होत्या त्या क्रमानं नवी यादी लिहिली.

साहेबही आमच्या नागपूरचेच. "तुले कोणी सांगितलं हे?" मी यादी पुढे धरताच ते खेकसले. "सरकारी यादी आहे गा ती."

"सही करा साहेब, नाही तर मले घरी पाठवा."

सही झाली. मेमोही मिळाला. तेव्हा लाजेनं तो मी आईपासून लपवला होता. आता माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलीत तो सगळ्यात वर लावलेला आहे.