गुडघेवाल्या बाई आणि मोठ्या सिस्टरांचा हात

आखडलेले गुडघे वळवण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्या फिजिओ बाईंना सगळं इस्पितळ गुडघेवाल्या बाई म्हणायचं. साथ आली, गुडघे घरी बसले आणि बाईंना हुकूम सुटला: नर्सेसच्या मनाचं बघा. दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळले असते. बाई मात्र जाम खूश!

"मन काय हवेत लटकतं? अंगातच राहतं ना!" म्हणत त्यांनी कपडे बदलायची खोली रिकामी केली.

पहिल्याच दिवशी फजिती. "डोळे मिटा, खोल श्वास घ्या," म्हणाल्या, तर मोठ्या सिस्टर घामाघूम झाल्या. अतिदक्षता विभाग त्यांच्या ताब्यात. डॉक्टरसुद्धा त्यांना टरकून असत. पण हल्ली त्यांचा हात थरथरायचा, सलाईनची सुई शिरेत जाईना. आज जमलं नाही तर वॉर्ड सोडायचा, हे त्यांनी सगळ्यांना सांगूनच टाकलं होतं.

"अहो बाई, वॉर्डात ते साथीचं किट घालून मोठा श्वास घेतला की गॉगलवर वाफ धरते, काही दिसत नाही. आम्ही श्वास चोरायला शिकलोय, आणि तुम्ही खोल घ्या म्हणता!"

बाईंनी कपाळावर हात मारला. किट उतरवलं तरी चोरटा श्वास अंगातच राहिला होता की!

"मरू दे तो श्वास. ही भिंत ढकला."

"भिंत?"

"हो! पाय रोवा, तळवे टेका, आणि काढा राग!"

सिस्टरांनी आधी उगाच आपलं टेकल्यासारखं केलं, मग दातओठ खाऊन ढकललं. पोटऱ्या लटपटल्या, खांदे हलायला लागले.

"थरथरू द्या! अडवू नका!" बाई शेजारी उभ्या राहून स्वतःही ढकलत ओरडल्या.

"मला भीती वाटते हो! रोज वाटते!" सिस्टरांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. आणि मग, कुणी न सांगता, त्यांनी भलामोठा श्वास घेतला. बाईंना नाचावंसं वाटलं. थोड्या नाचल्याही.

किट चढवून सिस्टर आत गेल्या. बाई काचेला नाक लावून उभ्या. सुई पहिल्याच झटक्यात शिरेत गेली! पट्टी चिकटवली, आणि हात पुन्हा थरथरायला लागला. बाईंनी काचेला दोन्ही तळवे टेकले.

सिस्टरांनी तो हात लपवला नाही. सगळ्या वॉर्डासमोर झटकला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.