हाताला कुंकू

अहल्याक्का माझी घरमालकीण. बनशंकरीत तिच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहते. तिचं घराणं दोन पिढ्यांपासून बंगळुरातलं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. नाजूक उपकरणं वाटेत आदळून बिघडतात, ही त्यांची तक्रार ती लहानपणापासून जेवताना ऐकत आली. मोठेपणी तिने त्या उपकरणांसाठी पेट्या करायला घेतल्या. आत फोम, फोमला उपकरणाच्या आकाराचा खळगा, वर कापडाचं अस्तर. जे. पी. नगरच्या मागच्या गल्लीत तिचं पत्र्याचं शेड आहे.

आधी करोनाची टाळेबंदी आली. ती सरली, तेवढ्यात मोठं गिऱ्हाईक प्लास्टिकच्या तयार पेट्यांकडे वळलं. आजूबाजूची शेडं बंद झाली. अक्काचं चालू राहिलं. तिने तबल्याच्या पेट्या केल्या, कॅमेऱ्याच्या केल्या, केक न्यायचे खोकेसुद्धा केले. पगार वाढवता आले नाहीत, पण तिने कुणाला काढलं नाही. आणि कुणी सोडूनही गेलं नाही. लोकांना नवल वाटायचं ते याचं.

म्हणून मराठी उद्योजकांच्या मेळाव्यात तिला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता. कठीण काळात कृतज्ञतेचं बळ.

"तू साहित्यवाली," ती मला तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली. "चार बरे शब्द लिहून दे. पण स्वल्प साधे लिही गं. जड शब्दाला माझी जीभ अडकते."

मी आनंदाने हो म्हटलं. तिच्या शेडची एक रीत मला माहीत होती. खंडेनवमीला इथे सगळीकडे यंत्रांची पूजा होते, दारात कोहळा फोडतात. अक्का यंत्रांना कुंकू लावून झालं की एका कामगाराला पुढे बोलावते. त्याच्या दोन्ही तळहातांना कुंकू लावते. ते हात आपल्या डोळ्यांना टेकवते आणि सगळ्यांदेखत म्हणते, "या हातांमुळे आपलं चाललंय." दरवर्षी एकाचा मान. भाषणाला याहून चांगलं काय मिळणार?

नवमीच्या आदल्या दिवशी मी शेडवर गेले. अक्का कोहळा आणायला बाजारात गेली होती. विमलाबाई अस्तर शिवत होत्या. त्या मूळच्या निपाणीच्या, शेडमधल्या सगळ्यांत जुन्या. मी विचारलं, "अक्कांनी तुमच्या हातांना कुंकू लावलं, तेव्हा काय वाटलं?"

मशीन थांबलं.

"लिवून घेणार हाईस?"

"हो."

"मग नको इचारू."

मी वही पिशवीत टाकली. तेव्हा त्या बोलल्या.

"मला गारमेंटात नोकरी लागली हुती. कायमची. घरापास्नं कंपनीची बस. दसरा झाला की अक्काला सांगायचं, असं ठरवलं हुतं मी. आन् नवमीला हिनं माझे हात डोळ्याला लावले. मालकीण असून. समदी रडाय लागली. मी बी रडले. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"नंतर सांगायचं."

"तू सांगितलं असतंस?"

त्यांनी मशीनखालचं अस्तर सरळ केलं.

"आता पन्नाशीच्या पुढं कोण घेतंय मला? आन् मी एकटीच न्हाई. माझ्या आदी नयना. तिला बी दुसरीकडं बोलावलं हुतं. जो निघालेला असतोय, त्याचेच हात हिला गोड दिसत्यात." त्या हसल्या. "देवाला बी एवढं कळत नसंल."

"म्हणजे यंदा?"

त्यांनी हनुवटीने कोपऱ्यातल्या टेबलाकडे दाखवलं. तिथे प्रणीत फोम कापत होता. बिडदीला गाड्यांच्या सीटा करणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी मिळाली होती. कापायचं नवं यंत्र ते त्याला शिकवणार होते. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. त्याने फक्त विमलाबाईंना सांगितलं होतं.

मला वाटलं, हा निव्वळ योगायोग असेल. अक्काला नुसतं सांगितलं की ती स्वतःच त्याला निरोप देईल.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात प्रसादाच्या चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधत होती. मी म्हटलं, "अक्का, प्रणीतला नोकरी लागलीय."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? माणूस जायला निघाला की आधी त्याचं टेबल स्वच्छ व्हायला लागतं."

"मग उद्या त्याला नका ना बोलावू."

"उद्या त्यालाच बोलावणार."

तिने दोऱ्याची गाठ मारली.

"मी खोटं बोलत नाही, मुग्धा. त्याच्या हातांमुळेच चाललंय. तो गेला तर कापणारं कोण? बाकीच्यांनी कुठे जायचं? पगार वाढवून द्यायची ताकद नाही माझी. आभार आहेत, तेवढेच देते. आणि खरे देते. फक्त कधी द्यायचे, ते मी ठरवते."

 मी तिच्याबरोबर पुड्या बांधत राहिले.

नवमीला शेड झेंडूने भरलं होतं. यंत्रांना कुंकू लागलं. अक्काने हाक मारली, "प्रणीत, ये."

तो आला. हात पुढे करताना त्याची मान खाली होती. अक्काने कुंकवात बोट बुडवलं.

"थांबा अक्का," विमलाबाई म्हणाल्या. त्या मशीनपाशीच उभ्या होत्या. "त्यो निघालाय. बिडदीला नोकरी लागलीय त्याला. कपाळाला लावा. हाताला नको."

 अक्काचं बोट तसंच राहिलं. ती विमलाबाईंकडे बघत होती. मग तिने प्रणीतच्या कपाळाला कुंकू लावलं.

"सरी, बरं," ती म्हणाली. "नीट राहा तिकडे."

कोहळा फुटला. चुरमुरे दुसऱ्याच कुणीतरी वाटले. अक्का जाऊन गाडीत बसली होती.

मेळावा दसऱ्यानंतर होता. मी विचारलं, भाषण बदलू का? ती म्हणाली, "असू दे. पत्रिकेत विषय छापलाय." मी लिहिलेलं तिने शब्दनशब्द वाचलं. हातांचं, डोळ्यांचं, सगळं. माझे शब्द इतके खोटे मी कधी ऐकले नव्हते.

शेवटी एका मुलाने माइक घेतला. तो पुण्याहून नवीन आलेला, स्वतःची छोटी कंपनी काढलेला. "मॅडम, माझे लोक सहा महिनेपण टिकत नाहीत. तुमच्याकडून कुणीच कसं जात नाही?"

अक्काने भाषणाचे कागद उलटे ठेवले.

"मी जाऊ देत नव्हते म्हणून," ती म्हणाली. "जायला निघाला की मी त्याच्या पाया पडायचे. मग त्याला लाज वाटायची."

सभागृह हसलं. खूप हसलं. टाळ्या पडल्या. तो मुलगाही हसत खाली बसला. संयोजकांनी तिला शाल दिली.

परत येताना जयनगरच्या सिग्नलला तिने गाडी थांबवली. मग म्हणाली, "विमलाला कुठे लावता आलं तर बघ. तुझ्या ओळखी असतील."

मी बघितलं. चार-पाच ठिकाणी विचारलं. सगळ्यांनी आधी वय विचारलं.

शेड अजून चालू आहे. फोम आता अक्का स्वतः कापते. खळगे वाकडे येतात, पेट्या परत येतात. विमलाबाई समोरच शिवत बसतात. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात.