माझ्या मागून म्हणा

सोनपेठच्या एका शाळेत मी वर्षभर संगीत शिकवलं. सहावी ते आठवीचे वर्ग, आणि तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा. पोरं खिचडी खाऊन पेंगायला लागलेली असायची, आणि त्यात गणिताचे सर दारात उभे. "मॅडम, आज तेवढा तुमचा तास द्या ना, पोर्शन मागं पडलाय." जसं काही संगीत म्हणजे एसटीतली रिकामी सीट, कुणीही यावं आणि टेकावं! मी तास देत नसे. मग स्टाफरूममध्ये 'बाई लय कडक हाय' असं माझं नाव झालं, आणि चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची मोकळी राहायला लागली. राहू दे म्हटलं. पण वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

बसस्टँडच्या मागं एक खोली घेतली होती. परभणीत आमचं घर होतं, पण आई गेल्यापासून त्या घरात पाय ठरत नव्हता. आईला गाण्यातलं डोंबल काही कळत नव्हतं. तरी मी पेटी घेऊन बसले की ती भाजी निवडता निवडता स्वयंपाकघरातून माझ्या गाण्यात आपला आवाज घालायची. सूर कुठं, ताल कुठं! "आई, गप्प बस ना गं," मी ओरडायचे. ती हसायची आणि पुन्हा सुरू. ती गेल्यावर पहिल्यांदा रियाजाला बसले, तेव्हा लक्षात आलं की त्या घरात मी एकटी अशी कधी गायलेच नव्हते. सोनपेठच्या खोलीत मोबाइलवरचा तंबोरा लावून बसायचे. तो कधी चुकायचा नाही. मला त्याचा रागच यायचा.

म्हणून मी एक हट्ट धरला. गॅदरिंगला पोरांनी एक गाणं माझ्याबरोबर म्हणायचं. मागून नाही, बरोबर. निदान एकदा माझ्या आवाजात कुणाचा तरी आवाज मिसळावा, एवढंच हवं होतं मला. गाणं मीच रचलं, सोपं: 'बांधावरच्या बाभळीला आली पिवळी फुलं.'

पोरांनी चाल दोन दिवसांत उचलली. गळे काय गोड एकेकाचे! पण मी म्हणायला लागले की सगळी चिडीचूप. ओळ संपली की मग एकदम उचलायची, छप्पर उडेल अशी. मी म्हणायचे, "अरे, माझ्याबरोबर म्हणा." सगळे "हो मॅडम" म्हणून मान हलवायचे, आणि मी तोंड उघडलं की पुन्हा गप्प. एक, दोन, तीन म्हणून बघितलं. हातानं खुणा केल्या. मी नुसती पेटी वाजवली तर पोरं एका सुरात छान म्हणायची. माझा आवाज त्यात आला रे आला की थांबायची. जीव मेटाकुटीला आला माझा.

शेवटी सातवीतल्या एका पोरीला विचारलं, "काय गं, मी काय वाघ हाय का? माझ्याबरोबर म्हणायला काय होतं?"

ती ओशाळून म्हणाली, "तुमी म्हणायलात ना मॅडम, मग आमी मधी कसं म्हणावं? सप्त्यात बी म्होरचा बुवा म्हणतो तवर मागचे गप ऱ्हातेत. त्याचं झाल्यावर धरायचं. मधीच तोंड घातलं की आमचे आबा डोळे वटारतेत."

शाळेत पाढे मागून, प्रतिज्ञा मागून, गावात भजन मागून. त्यांच्या लेखी तो मान होता, आणि तो मान मला एकटी पाडत होता. मी तिला रागावले नाही. खोलीवर आले आणि मोबाइलचा तंबोरा न लावताच बसून राहिले.

गॅदरिंगला व्हायचं तेच झालं. स्टेजवर, माइकसमोर मी ओळ सुरू केली. मागं पस्तीसेक पोरं पांढऱ्या शर्टात उभी, डोळे माझ्याकडं, तोंडं बंद. मी एकटी गायले. मग त्यांनी उचललं, आणि सगळा मांडव डोलायला लागला. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. "वा मॅडम, काय पोरं तयार केलीत!" मी हसून हसून गाल दुखवून घेतले, आणि परत जाताना रस्ताभर रडले.

नेमणूक एका वर्षाचीच होती. शेवटच्या तासाला पोरं म्हणाली, "मॅडम, बाभळीचं म्हणू." मी पेटी ओढली. म्हणायला लागले, 'बांधावरच्या बाभळीला'. एक हुंदका बाहेर पडला आणि ओळ तिथंच तुटली.

पोरांनी क्षणभर वाट बघितली. त्यांना वाटलं, मॅडमनी आज ओळ इथंच थांबवली. आणि सगळ्यांनी मिळून उचललं, 'बांधावरच्या बाभळीला', आणि शेवटी, मी घेतला होता अगदी तसाच, एक हुंदका. सगळ्या वर्गानं, एका सुरात.

अगं बाई! मला हसू आवरेना आणि रडू थांबेना. पोरं बावरून बघायला लागली. फुलांपर्यंत काही आम्ही पोचलो नाही, तेवढ्यात घंटा झाली.

आता मी परभणीच्या घरी असते. सकाळी पेटी घेऊन बसते. काही दिवसांपूर्वी माझ्याच ध्यानात आलं, की एक ओळ म्हणून झाली की मी थांबते. पुढची ओळ लगेच घेत नाही. पोरांना म्हणायला लागेल तेवढा वेळ, भात्यावर हात ठेवून, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत मी गप्प बसते.