पागोहून आणलेली पट्टी

फुआतिनो सावाई बेटावरच्या या गावात लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली. केस पिकले, तरी गावाच्या लेखी ती सूनच. सामोआत सून म्हणजे काय, ते सुनेलाच विचारा. चूल तिची, धुणं तिचं, पाहुण्यांच्या ताटावरच्या माश्या हाकणं तिचं. शब्द मात्र नवऱ्याच्या बहिणीचा. बहिणीने भर उन्हाला चांदणं म्हटलं, तर भावाने मान डोलवायची आणि भावजयीने अंथरूण घालायचं.

तिच्या नवऱ्याचा, इओसेफोचा, एक पाय साखरेच्या दुखण्यात कापावा लागला होता. तेव्हापासून तो खाटेला खिळलेला. मुलगा पेनियामिना ऑकलंडला. फोनवर दोघांचं "बरं आहे ना?", "बरं आहे" यापुढे गाडी जायची नाही. पण शनिवारी दोघं आपापल्या टीव्हीपुढे बसून गेमच्या यंत्रावर रग्बी खेळायचे, आणि खेळता खेळता शिव्यांसकट मनातलं सगळं बोलून व्हायचं. इओसेफो त्या एका शनिवारवर आठवडा काढायचा. मग वादळ झालं. गेलेली वीज परत आली ती अशी धसमुसळी, की यंत्र जागच्या जागी जळालं. इओसेफो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. ताट तसंच परत यायचं. माणूस हातचा चालला, हे फुआतिनोला दिसत होतं.

त्याची थोरली बहीण लुपे पलीकडच्या, अमेरिकेच्या सामोआत, पागोला राहायची. तिला कळलं तशी ती नवं यंत्र घेऊन आली. सोबत सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा झटका अडवणारी, पांढरी, सहा सॉकेटांची पट्टी.

"ही मध्ये लावली की विजेचा बापसुद्धा आत शिरायचा नाही," लुपे म्हणाली.

पागोची वीज इथल्यापेक्षा निम्म्या जोराची. तिकडचे कुकर इथे लावून किती घरांनी धूर काढलाय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती हळूच म्हणाली, "वन्सं, पट्टी पागोचीच ना? इथे चालेल?"

"अगं, यंत्रावर लिहिलंय की, दोन्हीकडे चालतं. चष्मा देऊ का माझा?"

यंत्रावर लिहिलं होतं, खरं आहे. पण पट्टी म्हणजे यंत्र नव्हे. ती उलटी करून मागचे आकडे वाचायला हवे होते. पण थोरल्या नणंदेची भेट उलटीपालटी करून पाहायची म्हणजे तिच्या तोंडावर थुंकल्यासारखंच. फुआतिनोने इओसेफोकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

लुपेने पट्टीच्या चपट्या पिनांना इथला जोड बसवला, पट्टी खाटेखाली चटईवर सरकवली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. टीव्ही उजळला. इओसेफो किती दिवसांनी हसला! तेवढ्यात गावात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. तिघांनी डोळे मिटले. शंखानंतर रस्त्यावरचा माणूसही जागीच थांबतो, मग घरात हलायची काय बिशाद!

प्रार्थना लुपेने सांगितली. तिची प्रार्थना म्हणजे गावजेवणच, कुणाचं नाव सुटायचं नाही. ती चर्चच्या पाळकांपर्यंत आली तेव्हा फुआतिनोला वास आला. प्लास्टिकचा, गोडसर. मुलांची, मग मेलेल्यांची नावं सुरू झाली आणि वास घशात उतरला. फुआतिनोने डोळे उघडले. खाटेखालून धुराची बारीक रेघ निघत होती, आणि वर तिचा एका पायाचा नवरा हात जोडून पडला होता.

ती उठली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती प्रार्थनेतून उठली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"प्रार्थनेत उठलीस?" लुपे कडाडली. "लाज नाही?"

फुआतिनोने पिन उपसली आणि पट्टी ओढून तिच्यापुढे उलटी टाकली. तळ वितळून खाली आला होता. चटईला भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा अजून लाल होत्या. तिने त्या हाताशी असलेल्या ओल्या फडक्याने चेपल्या.

मग इओसेफो म्हणाला, "वास मला आला होता."

"कधी?"

"तुझ्या आधी. खाटेखालीच तर होतं."

"मग बोलला का नाहीत?" फुआतिनो नवऱ्यावर ओरडली. तिचा तो आवाज शेजाऱ्यांनीही कधी ऐकला नव्हता. "जळून मेला असतात! तुमचा लेक शनिवारी कुणाशी बोलला असता?"

"ताई प्रार्थना सांगत होती," तो म्हणाला.

फुआतिनो नणंदेकडे वळली. आता काय व्हायचं ते होवो. पण लुपे खाली बसली होती, चटईच्या भोकावर तळवा ठेवून.

"मलाही आला होता," लुपे म्हणाली. "पट्टी मीच आणलेली. म्हटलं, प्रार्थना संपेपर्यंत टिकेल."

तिने भोकावरचा तळवा उचलला. "वहिनी, प्रार्थना अर्धी राहिलीय. तूच संपव."

फुआतिनोने डोळे मिटले नाहीत. "देवा," ती म्हणाली, "हे अजून जिवंत आहेत. आमेन."