आसावरी घर दाखवते

हॉलंडातल्या झूटरमेरमध्ये मे महिना उजाडला की मराठी आई-बाबांचा हंगाम सुरू होतो. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला पळतात, नातवंडं शाळेत, आणि ही दोघं खिडकीशी बसून समोरच्या कालव्यातली बदकं बघतात. पहिल्या आठवड्यात बदकं गोड वाटतात. तिसऱ्या आठवड्यात माणूस त्यांच्यावर खेकसायला लागतो. अशा आंबलेल्या जिवांना गोळा करून आसावरी देवधर ग्रीसच्या डोंगरात नेते. तोच तिचा धंदा. समुद्र नाही, पांढरी-निळी घरं नाहीत, बोटीवरून सूर्यास्त तर नाहीच नाही. दगडी गावं, दगडी पूल, जुनी घरं आणि चढ. जाताना लोक नाकं मुरडतात आणि परत आल्यावर आपल्या विहिणींना पाठवतात.

या धंद्यात ती ठरवून पडली नव्हती. पुण्यात आर्किटेक्चर शिकली, लग्न करून यतीनच्या मागे इकडे आली, आणि मग कळलं की इथे त्या डिग्रीचं चीज व्हायला अजून बरेच उंबरे झिजवायचे आहेत. त्यात लेकीचा, मृण्मयीचा जन्म झाला. बाईंनी काही वर्षं सुपरमार्केटात पाव भाजले. एकदा सुट्टीत स्वस्त तिकिटं मिळाली म्हणून दोघं उत्तर ग्रीसला गेली, आणि तिथली घरं पाहून आसावरीला वेड लागलं ते लागलंच. दर वर्षी एकटी जायची. संध्याकाळच्या वर्गात ग्रीकसुद्धा शिकली. यतीन म्हणायचा, आपल्या घराचं छत गळतंय आणि ही दुसऱ्यांची छतं बघत हिंडतेय.

यंदा साताऱ्याहून तिचे बाबा आले होते. मनोहरराव पाटणकर, वीज मंडळातून निवृत्त, बोलणं मोजकं. मुलीच्या शिक्षणासाठी या माणसाने जिवाचं रान केलं होतं, आणि तिने आर्किटेक्चर सोडल्यापासून तो विषय त्यांनी एकदाही काढला नव्हता. तिने त्यांचंही नाव सहलीत घातलं. आपण काय करतो ते त्यांनी एकदा तरी डोळ्यांनी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

ग्रीसमध्ये डोंगराकडे जाताना बसमध्ये सहलीतल्या सरलाताईंनी घोळ घातला. त्यांचा मुलगाही हॉलंडातच, नीउ-व्हेनेपला असतो, आणि बाई बोलायला लागल्या की थांबा नाही. आसावरीला कौतुकाने म्हणाल्या, तुमचे बाबा सांगत होते, तुम्ही हॉलंडात मोठ्या आर्किटेक्ट आहात, मग हे फिरवणं हौस म्हणून का? आसावरीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीकडे पाहिलं. म्हणजे साताऱ्यात इतकी वर्षं हेच सांगणं चाललं होतं! खोटं बोलायची पाळी यावी इतकं काय वाईट करतेय मी, असं ओठांवर आलं होतं. पण बसभर माणसं होती. ती उठली आणि पुढे चहाला थांबणार असल्याचं सगळ्यांना सांगून आली.

गावात वासिलिकी वाट बघत होती. ऐंशीची म्हातारी, काळा झगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मालक अथेन्सला नाहीतर जर्मनीला, आणि त्यांची घरं उघडायची-झाडायची हिने. तिने थोरल्या घराचं दार उघडलं आणि आमच्या मंडळींनी काय करावं? सगळ्यांनी उंबऱ्यापाशी बूट काढले. दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरायचं कसं? वासिलिकीने बूट बघितले, खालची बर्फगार फरशी बघितली, आणि कपाळाला हात लावला. आजारी पडाल म्हणून चांगली झापली. मग आतून टोपलीभर विणलेल्या लोकरीच्या सपाता आणल्या आणि एकेकाला घालायला लावल्या. मनोहररावांना जांभळ्या आल्या. त्याही त्यांनी निमूटपणे घातल्या.

आसावरी घर दाखवू लागली. खालच्या मजल्याला खिडक्या का नाहीत, थंडीत अख्खं कुटुंब एकाच खोलीत चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना कसं झोपायचं, छपराच्या दगडी फरश्या स्वतःच्याच वजनाने कशा टिकतात. सांगता सांगता ती रागही विसरली. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. दगडी भिंतीत ही आडवी लाकडं कशाला?

भूकंपासाठी, ती म्हणाली. जमीन हलली की लाकूड थोडं लवतं, भिंतीला बांधून धरतं.

बाबांनी त्या लाकडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. “कोयनेच्या भूकंपाला मी दहा वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “पाटणचं आमचं घर दगडाचंच होतं. पहाटे भिंत आत पडली. भिंतीत लाकूड नव्हतं.”

हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. पोरीने घरं बांधायलाच शिकावं, हा हट्ट कुठून आला ते आसावरीला त्या भिंतीपाशी कळलं. आणि आपण नेमकं तेच सोडलं, हेही.

वासिलिकी हे सगळं बघत होती. हे कोण, तिने विचारलं. माझे वडील, आसावरी म्हणाली. म्हातारी खूश झाली. तिने बाबांचा हात धरला आणि त्यांनाच ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” बाबांनी विचारलं.

“विचारतेय, तुमची मुलगी तिकडे काय काम करते.”

झालं! आता बाबा आर्किटेक्ट म्हणणार आणि ते खोटं आपल्याच तोंडाने ग्रीकमध्ये सांगावं लागणार. सरलाताईही कान टवकारून उभ्या होत्या. आसावरीने खाली पाहिलं.

बाबांनी घसा साफ केला. “तिला सांग,” ते म्हणाले, “माझी मुलगी काय करते ते मला आज कळलं. माणसांना घर दाखवते. असं घर मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.”

एवढी वर्षं ग्रीक शिकली होती बाई, पण तोंडातून शब्द फुटेना. वासिलिकी एकदा बापाकडे बघे, एकदा लेकीकडे.

“सांग की,” बाबा म्हणाले, “म्हातारी थांबलीय.”

मग आसावरीने सांगितलं.