संडासातला पेपर

आमच्या कोळ्यांच्या पाचूबंदरात भरती-ओहोटीनंतर सगळ्यांत भरवशाची गोष्ट म्हणजे माझ्या मोठ्या मामांचं पेपर घेऊन संडासात जाणं. चंद्र एखाद्या दिवशी चुकेल, मामा नाही. आत गेले की मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या निधनवार्तांपर्यंत सगळं वाचल्याशिवाय कडी निघत नसे. त्यांची लेक, म्हणजे माझी मामेबहीण, शाळेचा गणवेश घालून बाहेरून इतकी वर्षं दारावर थापा मारत आली की त्या दाराला तिच्या पंजाएवढा खळगा पडलाय, हे मी शपथेवर सांगतो. आतून एवढंच यायचं, "थांब गो, एक पान ऱ्हायलंय."

ही लेक पुढे जहाजावरच्या इंजिनिअरशी लग्न करून ग्रीसला, अथेन्सला गेली आणि तिने बापाला बोलावलं. मामांनी सुके बोंबील, जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि एक हिरवं टमरेल एवढंच सामान नेलं. विमानतळावर टमरेल उलटसुलट करून पाहणाऱ्या शिपायाला म्हणाले, "जपून, दागिना हाय."

तिकडचे सांडपाण्याचे पाईप बोटाएवढे अरुंद. म्हणून लोक पुसलेला कागद भांड्यात सोडत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात. घरमालकिणीने तशी पाटीच लावलेली: भांड्याच्या चित्रावर कागद, त्यावर लाल फुली, खाली इंग्रजीत 'नो पेपर'. मामांनी ती वाचली आणि त्यांच्या पायाखालची होडीच सरकली. पेपरला बंदी! पण परक्या देशाचा कायदा. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर गॅलरीत वाचायचे आणि नुसतं टमरेल घेऊन आत जायचे. पोट रुसलं, पण लेकीकडे चकार शब्द काढला नाही.

पुढच्या आठवड्यात इमारतीचा पाईप तुंबला. खालच्या मजल्यावर राहणारी मालकीण तणतणत वर आली. तुमच्या पाहुण्याने कागद टाकलाय, घर खाली करा, म्हणाली. लेकीचं तोंड उतरलं. त्या शहरात दुसरं घर मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट.

"बाबा, खरं सांगा, तुम्ही संडासात पेपर..."

"हात नाय लावला," मामा कडाडले. "पाटी वाचली तवापासून गॅलरीत बसतो. तुझ्या मालकिनीच्या कायद्यापायी पोट साफ नाय माझं."

कुठल्या पेपरची गोष्ट चाललीय हे लेकीला तेव्हा उलगडलं आणि ती रडता रडता हसायला लागली. मामांनी मालकिणीला आत नेऊन दाखवलं: कागदाचं भेंडोळं अजून वेष्टनातच, शेजारी टमरेल. "आपलं सगळं पान्यावर चालतं," ते म्हणाले, "होडी पन." तेवढ्यात खाली प्लंबरने तारेने गुलाबी फुलाफुलांच्या कागदाचा लगदा ओढून काढला. असला कागद अख्ख्या इमारतीत मालकिणीकडेच, इंग्लंडहून आलेल्या तिच्या जावयासाठी खास आणलेला.

बाई वरमली. हवी तितकी वर्षं राहा, म्हणाली. मामांनी तिला टमरेलाचं प्रात्यक्षिक दिलं, अर्थात कपड्यांसकट. त्यांच्या सांगण्यानुसार आज त्या गल्लीत टमरेल नसलेल्या घरात कोणी मुलगी देत नाही.

हिरवं टमरेल लेकीने ठेवून घेतलं. मामा एकटेच परतले. परवा मी पाचूबंदराला गेलो, तर मामा पेपर घेऊन आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

"एवढ्यात वाचून झाला?"

"दारावर थापा मारायला कोन नाय," मामा म्हणाले, "तर आत बसून मजा काय?"

दार ओढून घेताना त्यांचा हात त्या खळग्यावर जरा रेंगाळला.